पॅसिव्ह काढून अ‍ॅक्टिव्ह पिकअप बसवताय? या चुका टाळा

पिकअप म्हणजे तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा गिटारचा भाग; पॅसिव्ह बॅटरीशिवाय चालतो, अ‍ॅक्टिव्हला बॅटरी लागते. नवे अ‍ॅक्टिव्ह पिकअप बसवले आणि आवाजच येत नाही, किंवा येतो तो अगदी मरगळलेला, अशी तक्रार घेऊन मित्र गिटार आणतात तेव्हा मी आधी मागचं झाकण उघडतो. पिकअप बहुतेक वेळा ठणठणीत असतो. गडबड असते ती जॅक (केबल खोचायची जागा), पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालचा बदलता रोधक) किंवा बॅटरीच्या जोडणीत. दोन हंबकरची (दुहेरी कॉइलच्या पिकअपची) लेस पॉल धाटणीची गिटार आणि तिच्यात ब्रिजकडे ईएमजी कंपनीचा 81, नेककडे म्हणजे मानेच्या बाजूला 85, ही नेहमीची जोडी धरून बोलू.

सगळ्यात जास्त घोळ जॅकचा. पॅसिव्ह गिटारचा जॅक मोनो असतो, त्याला दोनच पाय. अ‍ॅक्टिव्हला तीन पायांचा (टिप, रिंग आणि ग्राउंड) स्टीरिओ जॅक लागतो, कारण तोच बॅटरीचा स्विच असतो. बॅटरीची काळी वायर रिंगच्या पायाला जोडायची. साधी मोनो केबल आत गेली की तिचा दांडा रिंग आणि ग्राउंड एकत्र करतो आणि सर्किट चालू होतं. माझ्या पहिल्या गिटारला दुरुस्तीवाल्याने ही काळी वायर थेट ग्राउंडला डाग देऊन जोडली होती. आवाज उत्तम यायचा, पण गिटार महिनोन् महिने पेटीत असली तरी बॅटरी संपलेली मिळायची. हिशेब सोपा आहे: एक पिकअप साधारण 80 मायक्रोअँपिअर खातो, दोन मिळून 160. 500 मिलिअँपिअर-तासांची 9 व्होल्टची बॅटरी अखंड चालू राहिली तर चारेक महिन्यांत संपणारच.

पाय ओळखायला मल्टिमीटर घ्या. जॅकच्या बाहेरच्या नटाशी ज्याची कंटिन्युइटी (सलग विद्युत जोड) लागते तो ग्राउंड. केबल लावून तिच्या दुसऱ्या प्लगच्या टोकाशी ज्याची लागते तो टिप, तिथे सिग्नलची वायर. उरला तो रिंग. सगळं जोडल्यावर लाल वायर आणि ग्राउंड यांच्यात व्होल्टेज बघा: केबल लावली की 9 च्या आसपास, काढली की शून्य. काढल्यावरही 9 दिसले तर काळी वायर चुकीच्या पायावर आहे. जोडणी बरोबर असली तरी वाजवून झालं की केबल काढायची, ही सवय लावाच.

दुसरी चूक जुने पॉट तसेच ठेवण्याची. पॅसिव्ह हंबकरला 500 के (किलोओम) लागतात. अ‍ॅक्टिव्हमध्ये आतच प्रीअँप (सिग्नल वाढवणारं छोटं सर्किट) असल्यामुळे त्याला 25 के हवेत. 500 के ठेवले तर व्हॉल्यूम दहावरून दोनपर्यंत आणला तरी फारसा फरक पडत नाही आणि मग एकदम आवाज गायब होतो. उलट 25 के वर पॅसिव्ह जोडला तर उंच स्वर मरतात, गिटार घोंगडीखालून वाजल्यासारखी वाटते. म्हणूनच एक अ‍ॅक्टिव्ह आणि एक पॅसिव्ह अशी खिचडी मी सुचवत नाही. पॉट घेताना दांड्याची लांबीही मोजा. लेस पॉलच्या जाड लाकडाला बऱ्याचदा लांब दांड्याचे लागतात.

तारांना जोडलेली ग्राउंड वायर मात्र जुन्या सवयीने पुन्हा जोडू नका. पॅसिव्हमध्ये ती गुणगुण कमी करते. ईएमजीचे पिकअप आतूनच शील्ड केलेले (बाहेरच्या विजेच्या गुणगुणीपासून झाकलेले) असतात, त्यांना तिची गरज नाही. गणेशोत्सवाच्या मांडवात जिथे अर्थिंगचा भरवसा नसतो, तिथे एक हात तारांवर आणि ओठ माइकला लागले की झटका बसू शकतो. हे मी कळकळीने सांगतोय. वायर काढल्याने धोका कमी होतो, संपत नाही, कारण जॅक अजून ग्राउंडलाच असतो. वाजवण्याआधी मांडवातलं अर्थिंग तपासून घ्याच. एखादा पिकअप पॅसिव्ह ठेवलाच असेल तर मात्र ती वायर लागेल.

आवाज हळूहळू बारीक झाला, जोरात वाजवल्यावर फाटू लागला, तर आधी बॅटरी बदला. अल्कलाइनच घ्या, स्वस्त बॅटरी गळली की क्लिप खाऊन टाकते. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत क्लिपवर हिरवट थर चढतो, तो खरडून साफ केला की कित्येकदा ‘मेलेला’ पिकअप लगेच बोलू लागतो. बॅटरी फोमच्या तुकड्यात गुंडाळून ठेवा, नाहीतर तिचं धातूचं अंग पॉटच्या पायांना टेकून शॉर्ट होतं.

उंचीबद्दल एवढंच: या पिकअपचं चुंबक तारांना फार ओढत नाही, त्यामुळे पॅसिव्हपेक्षा जवळ आणता येतो. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून स्क्रू थोडा थोडा फिरवा, आणि तार पिकअपला आपटायच्या आधी थांबा.