लाडावलेला गोऱ्हा आणि मारका वळू

आटपाडी-सांगोला पट्ट्यातील आमच्या घरी तीन पिढ्यांपासून खिलार जनावरे आहेत आणि गेली १९ वर्षे दावणीला एक तरी पैदाशीचा वळू कायम असतो. नव्याने वळू पाळू पाहणारे लोक पहिल्यांदा त्याच्या ताकदीविषयी विचारतात. साडेचारशे-पाचशे किलोंच्या जनावरापुढे माणसाची ताकद चालत नाही, हे उघडच आहे. विचारायचे असेल तर त्याचे लहानपण कोणाच्या संगतीत गेले, हे आधी विचारावे.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. आमच्या एका गाईला गोऱ्हा झाला आणि आठ दिवसांत गाय दगावली. मी त्याला बाटलीने दूध पाजून अंगणातच वाढवला. तो कपाळाने ढुशी द्यायचा, मी तळव्याने त्याचे कपाळ मागे रेटायचो आणि घरचे सगळे कौतुकाने पाहायचे. अडीच वर्षांनी, मी गव्हाणीत वाकून पेंड कालवत असताना, त्याने तेच कपाळ माझ्या बरगड्यांना लावले आणि मला भिंतीशी दाबून धरले. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. तो आमचा जुना खेळच खेळत होता. आबांनी कासरा ओढून त्याला बाजूला केले तेव्हा दोन बरगड्यांना तडा गेलेला होता. आबा एवढेच म्हणाले, "खेळ तूच शिकिवलास की त्याला."

कळपात वाढणारा गोऱ्हा आपली पायरी इतर गुरांकडून शिकतो, तर माणसांतच वाढलेला गोऱ्हा माणसाला आपल्यातलाच एक समजतो आणि वयात आल्यावर साहजिकच त्याच्याशी जोर आजमावतो. त्यामुळे आता मी कोणत्याही गोऱ्ह्याच्या कपाळाला किंवा शिंगांच्या कोंभांना हात लावू देत नाही. खाजवायचेच असेल तर वशिंडाच्या मागे किंवा गळ्याच्या पोळीखाली, म्हणजे लोंबत्या कातडीखाली, खाजवावे, आणि आई नसलेले वासरू शक्य तितक्या लवकर दुसऱ्या वासरांत सोडावे.

वळू मारायला येण्यापूर्वी सांगतो, पण त्याची भाषा नवख्याला उलटी वाटते. समोर आलेला वळू वळून आडवा उभा राहिला की नवा माणूस समजतो, त्याने वाट दिली. प्रत्यक्षात तो आपले अंग किती मोठे आहे हे दाखवत असतो: पाठ कमानीसारखी ताणलेली, मान फुगलेली, डोके खाली आणि एक डोळा आपल्यावर रोखलेला. त्यानंतर पुढच्या खुराने माती उकरणे, उकिरड्यात शिंगे खुपसणे आणि घशातली खोल डुरकी सुरू होते. आडवे उभे राहणे हाच निघून जाण्याचा क्षण आहे. ओरडू नये, पाठ फिरवून पळू नये, त्याच्यावर नजर ठेवून तिरके मागे सरकत दाराबाहेर पडावे. माती उकरू लागल्यावर विचार करायला फारसा वेळ उरत नाही.

जवळ जाताना तोंडाने बोलत, खांद्याच्या बाजूने जावे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळपास चौफेर दिसते, पण शेपटीच्या सरळ मागचे दिसत नाही, आणि तिथून अचानक हात लागला की गरीब जनावरही लाथ झाडते.

वेसण साधारण दीड वर्षाच्या सुमारास, जाणत्या माणसाकडून किंवा डॉक्टरांकडून घालून घ्यावी, आणि जखम पूर्ण भरेपर्यंत तिला कासरा लावू नये. वेसण इशाऱ्यासाठी असते. खुंट्याला मात्र गळ्यातल्या दाव्यानेच बांधावे, नाहीतर एका हिसक्यात नाक फाटते. वळू बाहेर काढताना दोन बाजूंना दोन कासरे आणि दोन माणसे असावीत. गोठ्याच्या आडोशात सव्वा फुटाची फट ठेवावी, म्हणजे माणूस निसटतो आणि वळू अडतो. माजावर आलेली गाय आणि वळू यांच्यामध्ये तर कधीच उभे राहू नये. बाहेरच्या गाई येणार असतील, तर आधी वळूची ब्रुसेला या गाभ पाडणाऱ्या संसर्गजन्य रोगाची तपासणी करून घ्यावी.

दोन-चार गाई असलेल्याने वळू पाळूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळी कांचनला उभ्या केलेल्या बाएफसारख्या संस्थांनी कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या दारापर्यंत आणले आहे. शिवाय २०१५ पासून राज्यातील गोवंश हत्याबंदी बैल आणि वळूंनाही लागू असल्याने खोडीचे जनावर विकून मोकळे होणे सोपे राहिलेले नाही. आमच्या भागात वळू टिकून आहेत, कारण खरसुंडीच्या यात्रेत गिऱ्हाईक खोंड पाहते आणि मग त्याचा बाप कोणाच्या दावणीला आहे ते विचारते. ही हौस आहे, आणि तिचा खर्च रोजचा आहे.

माझ्या बरगड्या दाबणाऱ्या त्या वळूला आम्ही पुढे चिमट्याने खच्ची करून घेतले. तो नऊ वर्षे औताला शांतपणे चालला, लहान पोरेही त्याला पाण्यावर नेत असत. मात्र गव्हाणीपाशी कोणी वाकले की तो अजूनही कपाळ पुढे करायचा, म्हणून त्याची पेंड शेवटपर्यंत आम्ही भिंतीपलीकडूनच टाकत राहिलो.