वेब चार्टवर चल सरासरीची रेषा योग्य तारखेवर कशी काढावी

मूळ नोंदींचा चार्ट पानावर आधीच दिसत आहे आणि तारखा जुन्याकडून नव्याकडे लावलेल्या आहेत, असे येथे गृहीत धरले आहे. फाईलमधून आलेली मूल्ये मात्र प्रथम अंकांत बदलून घ्यावीत, कारण मजकूर म्हणून साठवलेल्या १० आणि १२ यांची बेरीज जावास्क्रिप्ट (वेब पानांची प्रोग्रामिंग भाषा) २२ करत नाही, तर त्यांना जोडून १०१२ करते.

चल सरासरी म्हणजे तारखेबरोबर पुढे सरकणाऱ्या नोंदींच्या गटाची सरासरी. तिचा कालावधी, म्हणजे एका गटात किती नोंदी घ्यायच्या ती संख्या, निवडताना नोंदींचे स्वरूप पाहावे. रोजच्या नोंदींत आठवड्याचा चढउतार असेल तर ७ किंवा ७ च्या पटीतला कालावधी घ्यावा, म्हणजे प्रत्येक गटात प्रत्येक वार सारख्याच वेळा येतो. अशा नोंदींसाठी ‘१० घ्या, आकडा सोपा आहे’ असे सांगणाऱ्यांचे मुळीच ऐकू नये. त्या रेषेत आठवड्याची लाट शिल्लक राहते.

प्रत्येक तारखेसाठी ती नोंद व तिच्या आधीच्या नोंदी मिळून ठरलेल्या संख्येचा गट घ्यावा आणि त्याची सरासरी काढावी.

खरी अडचण येते ती रेषेच्या सुरुवातीला. कालावधी ७ असेल तर पहिल्या ६ तारखांना सरासरीच अस्तित्वात नसते. त्या ६ जागांचे काय करायचे, यावर अनेक ठिकाणी चुकीचा सल्ला मिळतो आणि मीही पूर्वी त्याच सल्ल्याने चाललो होतो. त्या सल्ल्याप्रमाणे जागा सोडून दिल्या की सरासरीची यादी मूळ यादीपेक्षा लहान होते; चार्टजेएससारखी लायब्ररी (चार्ट काढणारा तयार कोड) साध्या अंकांची यादी क्रमाने तारखांवर बसवत असल्याने सगळी रेषा ६ दिवस डावीकडे सरकते. कोणतीही त्रुटी दाखवली जात नाही, रेषा दिसायलाही नितळ असते, म्हणून ही चूक माझ्या लक्षात येण्यास फार उशीर झाला.

लहान उदाहरण घेऊ. १०, १२, १४, १६, १८ या नोंदींची ३ दिवसांची सरासरी १२, १४, १६ अशी येते. पहिली सरासरी तिसऱ्या दिवशी बसली पाहिजे. तेथे मूळ मूल्य १४ आहे आणि वाढत्या नोंदींमागे सरासरी थोडी रेंगाळणे अगदी योग्य आहे. तीच १२ ही सरासरी पहिल्या दिवशी बसली, तर १० या मूल्याच्या वर दिसते आणि पाहणाऱ्याला वाटते की रेषेला पुढची वाढ आधीच कळली होती. अशा रेषेवरून कोणी निर्णय घेतला तर त्याचे नुकसान होईल, म्हणून मी ही चूक किरकोळ मानत नाही.

त्या रिकाम्या जागांत शून्य भरणे हा तितकाच वाईट उपाय आहे, कारण मग रेषा तळातून उसळी घेते. तेथे ‘नल’ (null, म्हणजे ‘मूल्य नाही’) हेच ठेवावे, म्हणजे दोन्ही याद्यांची लांबी सारखी राहते आणि तेवढ्या भागात रेषा काढलीच जात नाही. सुरुवातीच्या मोजक्याच नोंदींची सरासरी काढून रेषा पहिल्या दिवसापासून ओढणेही मला मान्य नाही. एकाच रेषेत एका नोंदीची आणि सात नोंदींची सरासरी मिसळू नये.

मधल्या एखाद्या दिवसाची नोंद नसेल, तर त्या गटाची सरासरीही ‘नल’ ठेवावी. बेरजेत ‘नल’ तसाच गेला तर जावास्क्रिप्ट त्याला शून्य धरते आणि सरासरी विनाकारण खाली जाते. ती तारीखच यादीत नसेल तर आधी भरून घ्यावी, अन्यथा सात नोंदी म्हणजे सात दिवस राहत नाहीत.

वाचकाला महिना निवडून पाहण्याची सोय असेल, तर सरासरी पूर्ण नोंदींवर काढावी आणि त्यानंतरच दृश्य भाग कापावा. आधी कापल्यास निवडलेल्या प्रत्येक महिन्याच्या सुरुवातीला रेषा तुटते, वास्तविक आधीच्या नोंदी हाताशी असतात.

आता ही यादी त्याच चार्टमध्ये दुसरी रेषा म्हणून द्यावी, तिचे ठिपके काढून टाकावेत आणि वक्रता शून्य ठेवावी. शेवटी रेषेवरील कोणत्याही एका तारखेवर बोट ठेवून त्या दिवसासह मागील ७ मूल्यांची सरासरी कागदावर काढावी. ती पडद्यावरील आकड्याशी जुळली नाही, तर प्रथम सुरुवातीच्या ६ जागा तपासाव्यात.