इमेज खरंच ग्रेस्केल आहे का, कोडमध्ये कसं ओळखायचं

तीन चॅनल (आर, जी, बी म्हणजे लाल, हिरवा, निळा हे थर) दिसले म्हणून इमेज कलर आहे असं अजिबात धरू नका. ओपनसीव्ही या इमेज लायब्ररीचं इमरीड (फाइल वाचणारं फंक्शन) नुसतं वापरलं की ते ग्रेस्केल, म्हणजे फक्त राखाडी छटांची, फाइलसुद्धा तीन चॅनलची करूनच हातात देतं, मग शेप (लांबी, रुंदी, चॅनलची संख्या) बघून काय कळणार, त्यासाठी फाइल आहे तशी वाचायला सांगणारा इमरीड-अनचेंज्ड फ्लॅग द्यायचा. पिलो ही दुसरी लायब्ररी वापरत असाल तर इमेजचा मोड बघा, एल म्हणजे ८ बिट ग्रे, एलए म्हणजे ग्रे आणि अल्फा (पारदर्शकता), पी आला तर पॅलेटवाली (पिक्सेलमध्ये रंगांच्या यादीतला क्रमांक असलेली), तिच्यात रंग असतील किंवा नसतीलही, आधी आरजीबी करून घ्या.

पण मोडवरून फक्त फाइल कशी सेव्ह झालीय ते कळतं. स्कॅनर बऱ्याचदा ब्लॅक अँड व्हाइट कागदही आरजीबीत सेव्ह करतो, म्हणून पिक्सेल तपासावेच लागतात. प्रत्येक पिक्सेलला आर, जी, बी यातला सगळ्यात मोठा वजा सगळ्यात लहान घ्या, ग्रे असेल तर शून्याच्या आसपास येतं. नेमकं शून्यच हवं असा हट्ट नको, जेपेगमध्ये थोडा फरक पडू शकतो, मी २० पर्यंत चालवून घेतो. आणि थेट आर वजा जी करू नका हं, नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीत यूइंट८ प्रकार (फक्त ० ते २५५) असेल तर १० वजा १२ चं उत्तर २५४ येतं! आधी इंट१६ करा, त्यात उणे आकडे मावतात. एचएसव्ही या दुसऱ्या रंगपद्धतीतलं सॅच्युरेशनही (रंग किती भडक ते) टाळा, ५,३,३ हा पिक्सेल डोळ्याला काळाच दिसतो पण ओपनसीव्हीत त्याचं सॅच्युरेशन २५५ पैकी १०२ निघतं.

आता खरी अडचण. जुन्या सातबाऱ्याचे स्कॅन कलर आणि ग्रे असे वेगळे करताना मी पूर्ण पानाच्या या फरकाची सरासरी घेत होतो आणि लाल शिक्का असलेली पानं ग्रेमध्ये गेली, शिक्का आणि अक्षरं एकाच राखाडी रंगात मिसळली. ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० पिक्सेल) ए४ पानात साधारण ८७ लाख पिक्सेल असतात, अडीच सेंटीमीटरचा गोल शिक्का आख्खा भरलेला धरला तरी ६८ हजारच्या आसपास, म्हणजे १ टक्काही नाही, सरासरीत तो कुठे दिसणार? ९९ वा पर्सेंटाइल (ज्याच्या खाली ९९ टक्के पिक्सेल येतात तो आकडा) घेतला तरी हुकतो. म्हणून इमेज रिसाइझ करून चौथाई करा, त्यात नॉइज (पिक्सेलमधला किरकोळ खोटा फरक) बराच दबतो, आणि २० च्या वर फरक असलेले पिक्सेल सरळ मोजा, काहीशे निघाले की कलर समजा. कागद पिवळा पडला असेल तर अख्खं पानच कलर निघेल, तेव्हा आधी प्रत्येक चॅनलला कोऱ्या कागदाच्या त्याच चॅनलच्या व्हॅल्यूने भागून २५५ ने गुणा.

चॅनलचा क्रम बीजीआर की आरजीबी हे पिक्सेलवरून ओळखता येत नाही, ओपनसीव्हीने वाचलं तर बीजीआर, पिलोने वाचलं तर आरजीबी, एवढं धरून चाला. रंग एसआरजीबी या नेहमीच्या रंगव्याख्येतले की दुसरं काही ते बघायला पिलोच्या इन्फोमध्ये आयसीसी प्रोफाइल (ती रंगव्याख्या सांगणारी माहिती) आहे का बघा, आणि ग्रे केल्यावरही मूळ फाइल डिलीट करू नका.