स्टँडवर इंजिन चढवण्याआधी

मॉडेल विमानाचं इंजिन स्टँडवर बसवून चालवून बघण्याआधीची ही यादी. तिच्यात पहिली नोंद इंजिन बंद करण्याची. नवं इंजिन खोक्यातून बाहेर आलं की सगळ्यांना ते सुरू करण्याची घाई असते. मिनिटाला बारा हजार फेरे घेणारा प्रॉप, म्हणजे प्रोपेलर, समोर फिरत असताना ‘आता हे थांबवू कसं’ असा प्रश्न पडून काही उपयोग नाही. म्हणून स्टँडचं लाकूड कापण्याआधीच बंद करण्याच्या दोन सोयी ठरवून टाका. एक म्हणजे थ्रॉटल. त्याची दांडी मागे ओढली की कार्ब्युरेटरचं तोंड पूर्ण मिटलं पाहिजे, थोडीशीसुद्धा फट राहता कामा नये. हे इंजिन थंड असतानाच डोळ्यांनी पाहून घ्या. दुसरी म्हणजे इंधनाची नळी. टाकीपासून इंजिनापर्यंत येताना तिचा एक वळसा स्टँडच्या मागच्या बाजूला, चिमटीत सहज येईल असा मोकळा सोडा. नळी दाबली की इंजिन लगेच थांबत नाही, उलट मिश्रण पातळ (इंधन कमी, हवा जास्त) झाल्यामुळे दोनेक सेकंद वेग वाढतो आणि मग ते बंद पडतं. त्या आवाजाला घाबरून नळी सोडणारे पुष्कळ असतात, तेव्हा सोबत्याला हे आधीच सांगून ठेवा. प्रॉपवर फडकं टाकून इंजिन थांबवणं हा प्रकार जुन्या लोकांनी केलेला दिसेल. तो यादीत नाही.

इथे मी ४६ नंबरचं, म्हणजे ०.४६ घनइंचाचं, साधारण साडेसात सीसीचं दोन-स्ट्रोक ग्लो इंजिन (ठिणगीऐवजी प्लगमधल्या तापलेल्या तारेवर पेटणारं) धरलं आहे, कारण शिकाऊ विमानांवर हेच जास्त दिसतं. एनसीसीच्या हवाई विभागातली मुलं कंट्रोल-लाइनची, म्हणजे हातातल्या तारांनी गोल फिरवायची विमानं उडवतात, त्यांची इंजिनं याहून बरीच लहान असतात. पण अडीच सीसीचं इंजिन बोटाला दयामाया दाखवतं असं समजू नका. यादी त्यांनाही तीच.

आता जागा. दहा इंची प्रॉप बारा हजार फेऱ्यांवर असताना त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला १६० मीटर, म्हणजे ताशी ५७५ किलोमीटरच्या आसपास भरतो. त्या वेगात पात्याचा तुकडा निघाला तर तो प्रॉप ज्या पातळीत फिरतो त्याच पातळीत, बाजूला सुटतो. पुढे उभं राहणं वाईट, पण प्रॉपच्या रेषेत बाजूला उभं राहणं त्याहून वाईट, आणि बघ्यांना नेमकं तिथूनच चांगलं दिसतं. यावर माझा उपाय गावठी आहे: फक्की घ्या आणि प्रॉपच्या पातळीत दोन्ही बाजूंना जमिनीवर लांबवर रेघ मारा. त्या रेघेवर किंवा तिच्या पुढे कोणी थांबायचं नाही. चालवणारा मागे, सोबती त्याच्याही मागे, बाकीची मंडळी आणि पोरंटोरं सहा-सात मीटर मागे. तोंडी सांगितलेलं दोन मिनिटांत विसरतात. पांढरी रेघ डोळ्यांसमोर राहते.

बंद गॅरेज किंवा सोसायटीचं तळघरातलं पार्किंग ही जागाच नव्हे. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि आवाज भिंतींवर आपटून दुप्पट वाटतो. गच्चीचा मोह होतो, पण गच्चीवरून उडालेला तुकडा कुठे पडेल हे तुमच्या हातात नाही. शेजाऱ्यांचं तर विचारूच नका. मोकळं मैदान बघा. जमीन मुरमाची असेल तर सडा मारून घ्या, कारण प्रॉप समोरची धूळ आणि बारीक खडे ओढून घेतो, आणि ती धूळ कार्ब्युरेटरवाटे थेट पिस्टनवर जाते. स्टँड कमरेच्या उंचीवर असावा, तोंड वाऱ्याकडे.

स्टँड बांधणं अवघड नाही. घट्ट बांधणं हेच त्यातलं काम. खाली १८ मिलिमीटरचं मरीन प्लाय, त्यावर सागवानाच्या दोन जाड पट्ट्या समांतर, मधली फट इंजिनाच्या पोटाइतकी. इंजिनाचे दोन्ही बाजूंचे कान या पट्ट्यांवर टेकतात आणि चार बोल्ट आरपार खाली जातात. खालून रुंद वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज ढिले न होणारे) लावा. लाकडी स्क्रू आणि खिळे नकोत, थरथरीने ते दिवसभरात ढिले होतात. पट्ट्यांना इपॉक्सीचे दोन हात द्या. साधं वार्निश किंवा ऑइल पेंट या इंधनापुढे टिकत नाही, त्याचा चिकट लगदा होतो आणि लाकूड तेल पिऊन मऊ पडतं. बाजारात ॲल्युमिनियमचे जबडे असलेले तयार स्टँड मिळतात, त्यात कोणत्याही मापाचं इंजिन बोल्टाशिवाय पकडता येतं. सोयीचे आहेत, पण जबडा आवळलेला राहील यावर माझा भरवसा नाही. तेच वापरणार असाल तर प्रत्येक फेरीनंतर, म्हणजे इंजिन एकदा चालवून बंद केलं की, पाना फिरवून बघा. पेट्रोलवर चालणाऱ्या मोठ्या इंजिनांना मागून चार बोल्टांनी धरावं लागतं, तेव्हा त्यांना उभ्या जाड पाटीचा वेगळा स्टँड लागतो. त्यांना सिलिकॉनची नळीही चालत नाही, पेट्रोलने ती फुगते.

स्टँड ज्या टेबलाला लावणार त्या टेबलाचा विचार फार कमी लोक करतात. दहा बाय सहाचा (दहा इंच व्यास, सहा इंच पिच, म्हणजे एका फेऱ्यात पुढे सरकण्याचं माप) प्रॉप बारा हजारांवर साधारण दोन किलोने पुढे खेचतो. दोन किलो काही फार नाही, पण सोबत थरथर असते आणि थरथरीत घर्षण गळून पडतं, म्हणून घडीचं हलकं टेबल हळूहळू पुढे चालायला लागतं. सुताराचं जड बाक उत्तम. ते नसेल तर टेबलाच्या खालच्या आडव्या पट्टीवर वाळूची पोती ठेवा आणि स्टँड किमान दोन जी-क्लॅम्पनी, शक्यतो बोल्टांनी, टेबलाला जखडा.

टाकी दोनशे-अडीचशे सीसीची पुरे. तिचा मध्य नीडल व्हॉल्व्हच्या (इंधन कमी-जास्त करणाऱ्या स्क्रूच्या) पातळीत किंवा सेंटिमीटरभर खाली यायला हवा. टाकी वर राहिली तर इंधन आपोआप इंजिनात उतरून भरतं, फार खाली गेली तर टाकी रिकामी होता होता मिश्रण पातळ होत जातं, आणि तुम्ही बिचाऱ्या नीडलला दोष देत बसता. खाली स्पंजाचा तुकडा घाला म्हणजे इंधनाला फेस येणार नाही. नीडल प्रॉपच्या अगदी मागे असेल तर तिला वाकडी तार किंवा लांब दांडी जोडून मूठ मागे आणा. बोटं प्रॉपपासून वीतभर लांब राहतील इतकी.

प्रॉपवर जरा वेळ घालवा. उजेडात धरून पात्याच्या मुळाशी आणि कडेला नख फिरवा; बारीक चीर, पांढरट रेघ, टवका, काहीही सापडलं की तो प्रॉप मोडून कचऱ्यात, कारण नुसता टाकला तर कोणीतरी ‘चांगला आहे की’ म्हणून उचलून आणतो. चिकटवून दुरुस्त केलेला प्रॉप वापरू नका, धातूचा तर मुळीच नको. संतुलन तपासा, जड बाजू थोडी घासा. ज्या बाजूला माप छापलेलं असतं ती पुढे. भोक शाफ्टवर ढिलं बसत असेल तर योग्य मापाची रिंग घाला, टेप गुंडाळू नका. नट पान्याने आवळा, वर दुसरा नट किंवा स्पिनरचा (प्रॉपच्या मध्यावरच्या टोकदार टोपणाचा) नट, कारण इंजिन उलटा झटका देतं तेव्हा एकटा नट सुटून प्रॉप उडू शकतो. लाकडी प्रॉप दाबला जातो, तो पहिल्या फेरीनंतर पुन्हा आवळायचाच. टोकांना पांढरा किंवा पिवळा रंग लावा. फिरणारा प्रॉप दिसत नाही, रंगाचं कडं दिसतं.

अंगावर काय आहे ते बघा. ओढणी, गळ्यातलं आयकार्ड, हुडीची दोरी, मोकळे केस, सैल बाह्या: सगळं बांधा किंवा काढा. डोळ्यांना पॉलिकार्बोनेटचा संरक्षक चष्मा, नंबरचा चष्मा त्याची जागा घेत नाही. कानांना मफ, पायांत बंद बूट. आणि एक लोंबणारी वस्तू अंगावर नसते, ती म्हणजे ग्लो प्लगची वायर. ती मागच्या बाजूने नेऊन स्टँडला टेपने चिकटवा, नाहीतर सुरू होताच प्रॉप ती ओढून घेईल. प्लगला दीड व्होल्ट लागतात. स्टार्टरची बारा व्होल्टची बॅटरी चुकून जोडली तर प्लग तिथल्या तिथे जळतो.

इंधनात मुख्य घटक मिथेनॉल, त्यात अठरा-वीस टक्के तेल आणि पाच-दहा टक्के नायट्रोमिथेन. मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं दगावली, त्या दारूत हेच मिथेनॉल होतं. त्यामुळे उरलेलं इंधन पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ओतून ठेवणं हा आपल्याकडचा सर्वांत धोकादायक सोयीस्करपणा. मूळ डब्यातच ठेवा, वर मराठीत मोठ्या अक्षरांत ‘विष’ लिहा. ते कातडीतूनही शरीरात शिरतं, भरताना नायट्राइलचे हातमोजे घाला. मिथेनॉलची ज्वाळा उन्हात जवळजवळ दिसत नाही. आग लागल्याचं आधी गरम हवेच्या थरथरीवरून किंवा चटक्यावरून कळतं. ते पाण्यात पूर्ण मिसळतं, म्हणून भरपूर पाणी ओतून विझवता येतं. पाण्याच्या दोन बादल्या आणि आग विझवायचा एबीसी पावडरचा सिलिंडर सोबत्याच्या हाताशी, इंधनाचा डबा झाकण लावून तीन मीटर मागे.

सुरू करताना प्लगची वायर न लावता प्रॉप आधी हाताने सावकाश फिरवा. मध्येच दगडासारखा अडला तर सिलिंडरमध्ये इंधन साचलं आहे. अशा वेळी स्टार्टर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, इंजिन उलटं करून इंधन बाहेर काढा, मग पुढचं. ॲल्युमिनियमचा पिस्टन आणि पितळी स्लीव्हवर क्रोम असलेलं एबीसी जातीचं नवं इंजिन थंड असताना वरच्या टोकाला घट्टच लागतं, तो दोष नव्हे. ते थंडीत जोर लावून फिरवू नका, हेअर ड्रायरने गरम करा. त्याला रुळवण्याची पद्धतही वेगळी: दोन-तीन मिनिटांच्या छोट्या फेऱ्या, मिश्रण जरा जाड पण इंजिन पुरेसं तापेल असं, मध्ये पूर्ण थंड. तासन्‌तास थबथबीत जाड मिश्रणावर घरघरत ठेवणं लोखंडी पिस्टनच्या जुन्या इंजिनांना मानवायचं, एबीसीला नाही. प्रॉपला हाताने झटका देऊन सुरू करायचं तर रबर चढवलेली काठी वापरा, बोट नको. सुरू झालं की मागे या, आणि प्लगची वायर मागूनच काढा. प्रॉपच्या वरून हात नेऊन नव्हे.

फेरे मोजायचा ऑप्टिकल टॅको आदल्या दिवशी घरीच तपासता येतो. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटकडे दोन पात्यांच्या सेटिंगवर धरला की ३००० दाखवायला हवा, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते. परदेशी पत्रकात ३६०० लिहिलेलं असतं, ते ६० हर्ट्झचं. एलईडीवर हा प्रयोग चालेलच असं नाही. मैदानावर तोही प्रॉपच्या मागून धरायचा.

दिवस संपताना शेवटची फेरी नळी दाबूनच बंद करा म्हणजे आतलं इंधन जळून जातं. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत बेअरिंग आठवडाभरात तांबूस होतात. कार्ब्युरेटरमधून आफ्टर-रन तेलाचे, म्हणजे काम संपल्यावर घालायच्या गंजरोधक तेलाचे, थेंब टाका आणि प्लगची वायर काढलेली ठेवून प्रॉप हाताने फिरवा. मफलर त्या वेळीही चटका देण्याइतका तापलेला असतो. वहीत प्रॉप, प्लग, इंधन, नीडलचे फेरे, टॅकोचा आकडा आणि हवा कशी होती ते लिहा. स्टँड तसाच टेबलावर सोडून जेवायला जायचं असेल तर प्रॉप उतरवून ठेवा, कारण गरम इंजिनात इंधन राहिलं असेल तर कोणी गंमत म्हणून प्रॉपला दिलेला एक हेलकावाही त्याला सुरू व्हायला पुरतो.