आपोआप उगवलेलं रोप ओळखताना आधी पेर पाहा

पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले की वाफ्यात न पेरलेली रोपं डोकं वर काढतात. गेल्या हंगामात झडलेलं बी मातीत असतं, काही कंपोस्टमधून येतं, काही वाऱ्यावर. ती सरसकट खुरपू नका आणि फुलेपर्यंत सोडूनही देऊ नका.

सगळ्यात जास्त फसगत होते कॉसमॉस, झेंडू आणि गाजरगवत यांच्यात, कारण तिघांचीही कोवळी पानं कातरलेली असतात. सुरुवातीची दोन दलपत्रं, म्हणजे बियातून आधी निघणारी साधी पानं, सोडून द्या, चार-सहा खरी पानं येऊ द्या आणि मग खोडाच्या पेराकडे, म्हणजे पान जिथून फुटतं त्या सांध्याकडे, नीट बघा. कॉसमॉस आणि झेंडूची खालची पानं एकाच पेरावर समोरासमोर जोडीने येतात. गाजरगवताची एकाआड एक येतात. आधी जमिनीलगत गोल पसरतात, मग मधून उभ्या रेघांचं लवदार खोड निघतं. झेंडूचं पान उजेडात धरलं तर कडेला तेलाचे बारीक ठिपके दिसतात.

पान चुरगळून वास घ्यायची सवय चांगली, पण गाजरगवताची शंका असेल तर मुळीच नको. त्याने अंगाला खाज सुटते, पुरळ येतं. हातमोजे घाला आणि कळी धरण्याआधीच मुळासकट उपटा. उगवल्यापासून साधारण महिनाभरात ते फुलू लागतं आणि एकेक झाड १५,००० ते २५,००० बिया टाकू शकतं. फुललं असेल तर कंपोस्टमध्ये अजिबात टाकू नका. बी तिथेच राहतं आणि पुन्हा वाफ्यात येतं.

बाकीची ओळख सोपी आहे. गुलबक्षीचं बी मिऱ्यासारखं काळं, पानं समोरासमोर. तेरड्याचं खोड रसरशीत, फुलाला मागे वाकडी शेपटी. काटेरी पानांचं रोप मोडल्यावर पिवळा चीक आला तर तो पिवळा धोतरा. त्याचं बी मोहरीसारखं दिसतं आणि विषारी असतं, म्हणून तो मोहरीच्या वाफ्याजवळ ठेवूच नका.

तरीही ओळख पटली नाही, तर एकच रोप कुंडीत वेगळं वाढवा. पेर, पानाची खालची बाजू आणि कळी यांचे जवळून फोटो काढून जाणकाराला दाखवा. मोबाइल अ‍ॅप नाव सुचवतं, पण ते पेराशी ताडून पाहा. तोपर्यंत पान चाखू नका, जनावरांपुढेही टाकू नका. कॉसमॉस किंवा झेंडू निघाला, तर संध्याकाळी मातीच्या गड्ड्यासह उचलून फूटभर अंतरावर लावा.