कुत्र्याला घेऊन कॅरव्हॅनने रामेश्वरमला
पांढरकवड्याहून रामेश्वरम बेट सुमारे दीड हजार किलोमीटर. मदुराईपर्यंत बहुतेक राष्ट्रीय महामार्ग ४४ च धरायचा. पुढं बोट लागत नाही. १९८८ साली खुला झालेला पांबनचा पूल गाडी थेट बेटावर नेतो.

तूर घरात आली की जानेवारीअखेर निघा. तिकडचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा, आणि मार्चपासून ऊन कुत्र्याला सोसत नाही.

खरी तयारी महिनाभर आधीची. गाडी अंगणात उभी करून कुत्र्याला रोजची भाकर तिच्यातच द्या. तो निवांत बसू लागला की इंजिन सुरू करून बघा, मग यवतमाळपर्यंत चक्कर मारा. शेवटी शेतात एक रात्र गाडीतच मुक्काम करा. त्या रात्री तो कण्हत, येरझाऱ्या घालत राहिला तर तारीख पुढं ढकला. मुक्या जिवाला आठवडाभर असं ओढत नेणं मला तरी पटत नाही.

निघण्याआधी तीन-चार तास जेवण नको, पाणी मात्र द्या. दर दोन तासांनी थांबा. ढाब्यावर बंद गाडीत त्याला एकटं ठेवायचं नाही, पाच मिनिटंही नाही; जेवण आळीपाळीनं करा. मंदिराचं दर्शनही तसंच. रेबीज लसीचं कार्ड आणि गोचिडाचं औषध सोबत हवंच.

धनुष्कोडीला दोरी सोडू नका, तिथला प्रवाह फार ओढतो. खारं पाणी प्यायला तर उलट्या-जुलाब होतात, म्हणून किनाऱ्यावर उतरण्याआधीच त्याला पोटभर गोडं पाणी पाजा.