हात उगारणाऱ्या स्वमग्न मुलासोबत घर चालवताना

तीव्र स्वमग्नता (ऑटिझम) असलेले मूल वाढत्या वयात चावू लागले, केस ओढू लागले, ताटे भिरकावू लागले, की आईवडील आधी स्वतःच्या लाडांना दोष देतात आणि मग नातेवाईक येऊन तो दोष पक्का करून जातात. यात वेळ न दवडता एक शंभर पानी वही घ्यावी. मूल बिथरले त्याच दिवशी, रात्री झोपण्यापूर्वी, त्याआधीच्या दहा-पंधरा मिनिटांत काय घडले, मुलाने नेमके काय केले आणि त्यानंतर आपण काय केले, एवढे लिहावे. नुसते ‘चिडला’ लिहून उपयोग नाही. ‘कुकरची तिसरी शिट्टी झाली, दोन्ही कान दाबले, मग आजीच्या दंडाला चावला, आम्ही मोबाईल दिला’ असे लिहावे.

आमच्या वहीत तिसऱ्या आठवड्यात एक गोष्ट उघड झाली. मुलाच्या वाईट दिवसांपैकी बहुतेक दिवस त्याला तीन-चार दिवस शौचाला न झाल्यानंतरचे होते. त्यापूर्वी एका डॉक्टरांनी ‘ही मुलं अशीच असतात’ म्हणून आम्हाला परत पाठवले होते. बोलता न येणारे मूल दुखणे हातानेच सांगते, म्हणून वागणे अचानक बिघडले तर दात, कान, बद्धकोष्ठता, आम्लपित्त आणि मुलींच्या बाबतीत पाळीचे दुखणे आधी तपासून घ्यावे. या मुलांत फिट्स येण्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त असते आणि त्या किशोरवयात पहिल्यांदा दिसू शकतात, हेही लक्षात ठेवावे.

दुखणे नसेल, तर त्या वागण्यातून मुलाला काय मिळते किंवा काय टळते ते वहीत शोधावे आणि तेच मिळवण्याचा सोपा मार्ग त्याला शिकवावा. आम्ही जेवणाच्या ताटाशेजारी ‘बास’ असे चित्रकार्ड ठेवले. मुलाने ते हातात दिले की दोनच घास झालेले असले तरी ताट उचलायचे, असे ठरवले. कारण सुरुवातीला कार्डाचा शब्द पाळला गेला नाही, तर चावणेच जास्त खात्रीचे ठरते. मारल्यावर मोबाईल देणे थांबवले की पहिले काही दिवस मारणे वाढते. तेवढे दिवस आजोबांसह सगळे घर ठाम राहणार नसेल, तर ते सुरूच करू नये. मध्येच दिलेला मोबाईल सर्वांत महाग पडतो.

कोल्हापुरात आवाजाचा विचार वेगळा करावा लागतो. विसर्जनाच्या मिरवणुकीतील डॉल्बीचा दणका बंद खिडक्यांतूनही छातीत जाणवतो, म्हणून ते दिवस आम्ही गावाकडे काढतो. रंकाळ्यावर संध्याकाळच्या गर्दीत न जाता पहाटे जातो.

प्रत्यक्ष उद्रेकाच्या वेळी समजावणे बंद करावे. एकाच माणसाने, दोन-तीन शब्दांत आणि हलक्या आवाजात बोलावे. बाकीच्यांनी खोली सोडावी. मुलाने केस धरले तर मागे न ओढता त्याची मूठ आपल्या तळहाताने डोक्यावरच दाबून धरावी, म्हणजे ताण कमी होतो आणि पकड सुटण्याची वाट पाहता येते. चावा घेतला असेल तर हात हिसडू नये, त्याने जखम फाटते. हात हलकेच तोंडाच्या दिशेने दाबावा. मुलाला पालथे पाडून दाबणे किंवा छातीवर, पाठीवर बसणे कधीही करू नये, श्वास अडकून जीव जाऊ शकतो. आवाक्याबाहेर गेले तर 112 ला फोन करताना ‘मुलगा स्वमग्न आहे, बोलत नाही’ हे पहिल्या वाक्यात सांगावे. शेजाऱ्यांना मात्र हे शांत दिवशीच सांगून ठेवावे.

रिस्पेरिडोन किंवा अरिपिप्राझोल यांसारखी औषधे मानसोपचारतज्ज्ञ देतात आणि अनेक मुलांची चिडचिड त्यांनी कमी होते. पण भूक व वजन वाढू शकते, म्हणून दर महिन्याला वजन लिहावे आणि औषध आपल्या मनाने तोडू नये. पालकांना स्वतःसाठी बोलायचे असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची 14416 ही मोफत सेवा आहे.

कागदपत्रे लवकर उरकावीत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत स्वमग्नता आहे, तेव्हा आधी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र, काढावे. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण आहे. मूल 18 वर्षांचे झाल्यावर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करता येतो.

घरातील दुसऱ्या मुलाला काय करायचे ते आधीच ठरवून द्यावे: दप्तर उचलायचे आणि शेजारच्या काकूंकडे जायचे. भावाला सांभाळणे हे त्याचे काम नव्हे. आमच्या मुलीच्या फाडलेल्या वह्या आम्ही पुन्हा पुन्हा आणून देत राहिलो. तिच्या खोलीला कडी हवी होती, हे कळायला आम्हाला दोन वर्षे लागली.